इमॅजिकाला जाताना कुत्री ठेवायची कुठं?

मे महिन्याच्या सुट्टीत इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या थीम पार्कला जायचं, हे मुलांनी परीक्षा सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तिकिटं, गाडी, मुक्काम ही कामं नवऱ्याकडं गेली आणि माझ्या वाट्याला एकच काम आलं, ब्रूनो आणि चिंगीची सोय. बाकी सगळ्या तयारीला मिळून गेला नसेल एवढा वेळ या एका कामानं खाल्ला. परत आल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "साताऱ्यात कुत्री ठेवतात कुठं गं?" प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. जागेचं नाव मात्र लिहीत नाही. ती जागा चालवणाऱ्या दादांनीच सांगितलंय की आहेत तेवढीच कुत्री त्यांना सांभाळायची आहेत.

ब्रूनो आमचा लॅब्राडोर. नववं वर्ष लागलंय, मागचे पाय थोडे आखडतात, आणि खाण्यापलीकडं त्याला जगात कशाचं काही नाही. चिंगी गोडोलीच्या तळ्याजवळ सापडलेली गावठी. अंगानं काटकुळी, डोक्यानं वकील. आमच्या पाच फुटी कंपाउंडवरून ती मनात येईल तेव्हा जाते आणि मनात येईल तेव्हा परत येते. एरवी आम्ही कुठं गेलो तर आई-आप्पा, म्हणजे सासू-सासरे, घरी असतात, त्यामुळं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. या वेळी आईंनीच जाहीर केलं, "तिथं बर्फाचं घर आहे म्हणे. मला काश्मीर काय तुम्ही दाखवत नाही, हे तरी बघते." म्हणजे घराला कुलूप.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी टाकत जाईन की भाकरी गेटवरनं." त्यांनी टाकली असती, यात शंका नाही. पण पहिल्या रात्रीच चिंगी भिंत ओलांडून आम्हाला शोधत हायवेपर्यंत गेली असती. पाटणकडं चुलत दिरांचं घर आहे, ऐसपैस अंगण आहे, पण त्या भागात बिबट्याचा वावर आहे आणि अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला आमंत्रणच. दीर स्वतःच म्हणाले, "वहिनी, माझं कुत्रं मी रात्री घरात घेतो. तुमची दोन कुठं घेऊ?"

बरोबर न्यायचा विचारही करून झाला. पार्कमध्ये प्राण्यांना प्रवेश नाही. लोणावळ्याकडं कुत्री चालणारे बंगले मिळतात, पण आपण दिवसभर पार्कात आणि ती अनोळखी खोलीत कोंडलेली, मग नेऊन उपयोग काय? धाकट्यानं सुचवलं की गाडीत ठेवू, काचा थोड्या खाली करू. त्याला तिथंच थांबवलं. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी चढतं, अर्ध्या तासात अठरा-एकोणीस अंशांनी, आणि काच चार बोटं खाली असल्यानं फारसा फरक पडत नाही. बाहेर ३५ असेल तर आत पन्नाशी ओलांडते. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. आत हवाच तापलेली असेल तर धापा टाकून तरी काय होणार?

माझी मामेबहीण अमेरिकेत फ्लोरिडात असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडं पार्कमध्येच ठेवतात." डिस्ने वर्ल्डच्या आवारात २०१० पासून पाळीव प्राण्यांचं मोठं वसतिगृह आहे, रात्रीच्या मुक्कामासकट. शेजारच्या युनिव्हर्सलला तर गाड्या लावायच्या इमारतीतच दिवसापुरती सोय आहे, फक्त कुत्र्याला फिरवायला मालकानं मधून मधून स्वतः यायचं. ऐकून मला हेवा वाटला, पण आईंचा प्रश्न जास्त नेमका होता: "म्हणजे रांगेत दोन तास उभं राहायचं, नंबर आला की कुत्र्याला शी करवायला पळायचं?"

तर साताऱ्यातच जागा शोधायची ठरली. आणि इथं मला जे कळलं ते आधीच सांगून टाकते. केनेलवाला, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणारा, तुम्हाला काय दाखवतो त्यापेक्षा तो तुम्हाला काय विचारतो, याच्याकडं लक्ष द्या.

पहिल्या ठिकाणी फोन केला. "कुत्री ठेवता का?" "ठेवतो की. कधी आणताय?" दर सांगितला, लोकेशन पाठवतो म्हणाले, संपलं. कुत्री किती मोठी, नर का मादी, लसी झाल्यात का, चावरी आहेत का, काही नाही. तरी बघायला गेलो. वर पत्रा, खाली फरशी, ओळीनं पिंजरे, आणि गेटापासूनच फिनेलचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी यावं. नवरा म्हणाला, "स्वच्छ तर ठेवलंय." एका कोपऱ्यात विकायची पिल्लं होती, पंधरा पावलांवर बोर्डिंगची कुत्री, आणि एकच मुलगा एकाच झाडूनं दोन्हीकडं झाडत होता. पत्र्याखाली दुपारी बारा वाजता एक सेंट बर्नार्ड जीभ बाहेर काढून आडवा पडला होता. सेंट बर्नार्ड, आल्प्समधल्या बर्फातला, साताऱ्याच्या मे महिन्यात! आम्ही "कळवतो" म्हणून निघालो.

दुसरी जागा करंज्यात, एका ताईंच्या राहत्या घरात. त्या प्रेमळ होत्या, बोलता बोलता ब्रूनोचा फोटो बघून त्यांनी त्याची दृष्टही काढली. पण घरातली आणि बाहेरची सात-आठ कुत्री दिवसभर एकत्र मोकळी, आणि गॅलरीची जाळी चिंगीच्या दृष्टीनं म्हणजे जिनाच. एकट्या ब्रूनोला मी डोळे झाकून तिथं ठेवलं असतं.

तिसरा नंबर आमच्या डॉक्टरांनी दिला. कोरेगाव रस्त्याला, शेतात. फोन उचलल्या उचलल्या समोरचे दादा म्हणाले, "आधी लसीच्या पुस्तकाचा फोटो पाठवा, मग बोलू." मला रागच आला. म्हटलं, आपण पैसे देणार आणि अट यांची? फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: ब्रूनोची नाईन-इन-वनची तारीख जूनमध्ये संपतेय, ती आताच घ्या, चिंगीची रेबीजची ठीक आहे, दोघांना केनेल कफची दिलेली दिसत नाही, ती घेऊन किमान दोन आठवडे झाल्याशिवाय मी घेणार नाही. आणि शेवटी, "लॅब नऊ वर्षांचा आहे तर रात्री उठतो का लघवीला?"

राग तिथंच गेला.

डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी सगळं नीट समजावलं. रेबीजची दर वर्षी, ती सगळ्यांना माहीत असते. नाईन-इन-वनमध्ये डिस्टेंपर, पार्व्हो, लिव्हरची सूज, लेप्टो अशा आजारांचं संरक्षण असतं. केनेल कफ हा मात्र नावाप्रमाणेच चार कुत्री एकत्र आली की पसरणारा खोकला. त्याची लस बऱ्याचदा नाकात थेंब टाकून देतात, आणि ब्रूनोनं त्या थेंबांचा सूड म्हणून डॉक्टरांच्या शर्टावर जी शिंक सोडली ती कंपाउंडर अजून सांगत असतो. "लस घेतली म्हणजे खोकला होणारच नाही असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण झाला तर अंगावर काढण्याइतका हलका होतो. लागण झाल्यापासून दिसायला दोन दिवसही लागतात, चौदाही लागतात. म्हणजे घरी आणल्यावर दोन आठवडे कान ठेवा." जंतांचं औषध दिलं, गोचिडांसाठी चावून खायची गोळी दिली. आपल्याकडं गोचीड-ताप कुत्र्यांना पार आडवं करतो, आणि गोचीड एकावरून उतरून दुसऱ्यावर चढायला वेळ लावत नाही.

फिनेलच्या वासाचं मी त्यांना मुद्दाम विचारलं. ते हसले. पार्व्होचा विषाणू फिनेलला दाद देत नाही. जमिनीत, फटींत तो महिनोन् महिने तग धरतो. त्याला मारायला ब्लीच लागतं, ते पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून, आणि आधी घाण धुऊन काढून मग दहा मिनिटं तसंच ठेवावं लागतं. "ज्या केनेलमध्ये फार वास येतो तिथं एवढंच कळतं की फिनेल भरपूर आहे," म्हणाले. मला त्या झाडूवाल्या पोराची आठवण झाली. जन्मून महिना-दीड महिना झालेली, लसी पूर्ण न झालेली पिल्लं आणि बाहेरून येणारी कुत्री, मधे एकच झाडू.

मग जागा बघायला सगळेच निघालो. कोरेगाव रस्ता माहुलीवरून जातो. आप्पांनी गाडी तिथं थांबवायला लावली. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिथंच त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. मुलांनी ती समाधी पहिल्यांदाच बघितली. आप्पा म्हणाले, "कुत्र्याचे लाड आजकालचे नाहीत, पोरांनो. या गावात ते तीनशे वर्षांपासून चाललेत." धाकट्यानं विचारलं, "मग महाराज बाहेर जाताना खंड्याला कुठं ठेवायचे?" आप्पांकडं उत्तर नव्हतं.

केनेल म्हणजे उसाच्या फडाला लागून अर्धा एकर जागा. दिसायला पहिल्या ठिकाणापेक्षा साधी. रंगरंगोटी नाही, कुत्र्याच्या चित्राची पाटीसुद्धा नाही. खोल्या विटांच्या, छतावर पत्रा होता पण त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर, आणि दुपारी त्यावर पाणी मारतात. प्रत्येक खोलीला मागं छोटं अंगण. मला सगळ्यात आवडली ती दारांची रचना. बाहेरचं दार उघडून आत गेलं की पुढं दुसरं दार, आणि पहिलं बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. एखादं कुत्रं हातातून निसटलं तरी ते दोन दारांच्या मधेच अडकतं. कुंपणाची जाळी सात फुटी, वरचा भाग आतल्या बाजूला वळवलेला, आणि खाली जमिनीत पुरलेली. चिंगीनं ती वरून खाली नीट न्याहाळली आणि माझ्याकडं बघितलं.

दादांच्या पायाशी त्यांची स्वतःची कारवानी कुत्री बसली होती, माणदेशातून आणलेली, वेताच्या छडीसारखी. "हिच्यासाठी बांधलंय हे कुंपण," म्हणाले. "ही ज्या दिवशी बाहेर पडली नाही त्या दिवशी मी बोर्डिंग सुरू केलं."

मग ओसरीवर बसवून चहा दिला आणि फॉर्म पुढं केला. चार पानं. असा फॉर्म मी मुलांच्या शाळेत सुद्धा भरलेला नाही. नाव, वय, नसबंदी झालीय का, नसेल तर माजावर यायची तारीख, इथपर्यंत ठीक होतं. पुढं: मालक गेल्यावर भुंकतो, रडतो का गप बसतो? ताटाजवळ कुणी आलं तर गुरगुरतो का? कुठं हात लावलेला चालत नाही? कधी चावलाय का, आणि चावला असेल तर त्या वेळी नक्की काय घडलं होतं? ढग गडगडले तर काय करतो? जाळी चढतो का, खणतो का, कडी उघडता येते का? गाडीत ओकतो का? पुरुषांना घाबरतो का, काठीला घाबरतो का, टोपीला घाबरतो का?

टोपीशी आम्ही थांबलो. चिंगी टोपीवाल्या माणसाला बघून खरंच कॉटखाली जाते. सापडण्याआधी तिच्या बाबतीत कुणी काय केलं असेल ते तिलाच माहीत. हे आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणाला सांगायची बाब आहे असं कधी वाटलंच नव्हतं. दादांनी लगेच आतल्या पोराला हाक मारली, "ए, या काळ्या कुत्रीसमोर टोपी घालायची न्हाई रं," आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: चिंगी, टोपी नको.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता, त्यावर अर्धा तास गेला. दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि तुमचा फोन लागला नाही, तर किती खर्चापर्यंत आम्ही निर्णय घ्यायचा?

आप्पा म्हणाले, "लिही, लागेल तेवढा."

दादा म्हणाले, "आप्पा, आकडा लिहा. लागेल तेवढा लिहिलं की डॉक्टर मला विचारतात करू का, मी तुम्हाला फोन लावत बसतो, आणि तुम्ही असता झोक्यात."

बरोबर होतं त्यांचं. नवऱ्यानं दहा हजार लिहिलं, त्याच्या वर लागले तर माझ्या भावाला विचारायचं म्हणून त्याचा नंबर दिला. तो साताऱ्यातच असतो. आईंनी हळूच विचारलं, "आणि म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर?" ब्रूनो तेव्हा पाणी पीत होता. त्याचाही रकाना फॉर्मात होता. तो भरताना कुणी बोललं नाही.

दराचं सांगते, कारण ते सगळे विचारतात. ब्रूनोचे दिवसाला ६०० रुपये, चिंगीचे ५००, खाणं आपलं दिलं तरी तेवढेच. दिवस कसा मोजतात ते मात्र आधी विचारून घ्या. काही ठिकाणी संध्याकाळी सोडून सकाळी आणलं तरी दोन दिवस लावतात. आमच्या या दादांकडं चोवीस तासांचा दिवस होता आणि रविवारी संध्याकाळी सातनंतर गेट उघडत नाहीत, म्हणजे सोमवारी सकाळीच न्यायचं. हे आधी कळल्यामुळं परतीच्या वाटेवर घाई करत गाडी हाकायची वेळ आली नाही.

जायच्या आधीच्या आठवड्यात दादांनी एक दिवस सकाळी सोडून संध्याकाळी न्यायला लावलं. "पहिल्यांदाच तीन-तीन दिवस ठेवलं की जनावराला वाटतं टाकून गेले. एकदा सोडून परत आलात की त्याला हिशोब कळतो." या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ब्रूनो त्या दिवशी आम्हाला विसरूनच गेला. चिंगी दिवसभर दाराशी बसून होती, पण आम्ही गेल्यावर तिनं शेपटी हलवली आणि मग, आम्हाला दाखवण्यासाठीच असेल, परत आत जाऊन बसली.

सामानाची यादी त्यांनीच दिली. रोजचं खाणं वेळेप्रमाणं पिशव्यांत मोजून, वर नाव घालून. जागा बदलली आणि त्यात खाणंही बदललं की पोट बिघडतं, म्हणून घरचंच. ब्रूनोची सांध्यांची गोळी. अंथरूण न धुतलेलं, घरचा वास असलेलं. मी सवयीनं चादर मशीनला लावायला निघाले होते, ती आईंनी ओढून घेतली. पट्ट्यावर नाव आणि फोन नंबर. खेळणी नकोत, कारण खेळण्यावरून भांडणं होतात. चिंगीला ज्वारीच्या भाकरीशिवाय जमत नाही, म्हणून आईंनी भाकरी करून, वाळवून, चुरून डबा भरला.

शुक्रवारी संध्याकाळी सोडलं. दादांनी आधीच बजावलं होतं, "मुका घेत बसू नका. पट्टा माझ्या हातात द्या आणि सरळ निघा. तुम्ही रेंगाळला की त्याला वाटतं काहीतरी वाईट घडणार आहे." मोठी मुलगी गाडीत बसेपर्यंत नीट होती. ब्रूनो दोन दारांमधून आत गेला तो एकदाही मागं वळला नाही, कारण आतून कुठूनतरी चिकनचा वास येत होता. चिंगी वळली.

इमॅजिकाचं फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे बरेच आहेत. २०१३ ला सुरू झालेलं हे पार्क एक्सप्रेसवेवरून खोपोलीच्या बाजूला उतरलं की लागतं. साताऱ्याहून पहाटे निघालो, खंबाटकी, कात्रज, नवले पूल, चांदणी चौक, आणि पार्क उघडायच्या आत पोहोचलो. नायट्रोवर मी बसले. तो रोलर कोस्टर बिनफरशीचा आहे, पाय अधांतरी लोंबकळत असतात, आणि त्या दीड-दोन मिनिटांत मला कुत्री, मुलं, नवरा, कुणीही आठवलं नाही. आप्पांनी खाली बाकड्यावर बसून सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखल्या. आईंनी बर्फ बघितला, हातात घेतला, आणि "गारच आहे की" म्हणून बाहेर आल्या.

दादांनी व्हिडिओ कॉलला बंदी घातली होती. "आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही, जनावर जास्त बावरतं." त्याऐवजी रोज संध्याकाळी एक व्हिडिओ, दिवसा काही कळवायचं असेल तर ते स्वतः फोन करतील. म्हणजे फोन आला नाही तर सगळं ठीक. हे तत्त्व कळायला सोपं आणि पाळायला महाकठीण. राजासॉरस नावाच्या राइडच्या रांगेत उभं असताना नवऱ्यानं किती वेळा फोन बघितला ते मी मोजलं नाही. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडं सापडली, तो हा आपला देशी डायनासोर. मोठीनं रांगेत त्याची पूर्ण माहिती सांगितली, आणि बापानं "हं हं" करत परत फोन बघितला.

संध्याकाळी व्हिडिओ आला. ब्रूनो ओल्या पोत्यावर चारही पाय पसरून. चिंगी भिंतीला टेकून, कान मागं. खाली लिहिलं होतं: "काळीनं सकाळचं आणि संध्याकाळचं खाल्लं नाही. पाणी पितेय. लघवी झाली. काळजी नको." आता "काळजी नको" असं लिहिल्यावर जे व्हायचं तेच झालं. खोपोलीच्या हॉटेलात आईंच्या घशाखाली घास उतरेना. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तब्येतीनं चांगलं, मोठं कुत्रं नव्या जागी एक-दोन वेळा उपाशी राहिलं तर काही होत नाही. पाणी बंद झालं, उलट्या झाल्या, मलूल पडली तर मला सांगा. आणि खाल्लं नाही हे त्यांनी तुम्हाला कळवलं, ही चांगली खूण आहे. बरेच जण कळवत नाहीत, रिकामं ताट आतल्या आत उचलतात."

रविवारी आम्ही वॉटरपार्कमध्ये असताना दुपारी फोन आला. नवरा स्लाइडवर, फोन लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली आप्पांच्या खिशात, आप्पा चहाला. मिस्ड कॉल दिसल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. परत लावला तर दादा म्हणाले, "खाल्लं बघा. ताटात खात न्हाई ती. भाकरी हातात घेऊन भिंतीकडं तोंड करून बसलो, तिच्याकडं बघितलंच न्हाई. मागनं येऊन खाल्लं. तुम्हाला वाटलं असेल काय झालं, म्हणून दुपारीच केला फोन."

हा माणूस भिंतीकडं तोंड करून किती वेळ बसला असेल, हे त्यानं सांगितलं नाही. फोनवर तसं काही बोलताही आलं नाही.

सोमवारी सकाळी आणायला गेलो. बाहेर आणण्याआधी त्यांनी दोघांचे कान, पंजांमधल्या फटी आणि शेपटीखालची जागा आमच्यासमोर उघडून दाखवली, गोचीड नाही. ब्रूनोचं वजन सोडताना केलं होतं, तेही परत केलं. त्याचं अर्धा किलो वाढलं होतं. यावर दादा जरा ओशाळले. "तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसतो हो, काय करणार?" चिंगीनं आम्हाला बघून जो आवाज काढला तो भुंकणं नव्हतं, रडणंही नव्हतं. घसा बसलेला होता. मी घाबरले, केनेल कफच आठवला. दादा म्हणाले, शेजारच्या खोलीतल्या अल्सेशियनशी दोन रात्री भांडलीय, त्याचा घसा आहे हा. दुसऱ्या दिवशी उतरला.

घरी आल्यावर दोघांनी प्रचंड पाणी प्यायलं आणि संध्याकाळपर्यंत झोप काढली. ब्रूनोला एक दिवस पातळ झाली. डॉक्टरांनी दहीभात सांगितला, मिटलं. दोन आठवडे मी रात्री खोकल्याकडं कान देऊन झोपले, त्यात आप्पांचाच खोकला जास्त ऐकू आला. चिंगी आठवडाभर माझ्या मागं मागं फिरली, बाथरूमच्या दारापर्यंत. मग एके दिवशी नेहमीसारखी कंपाउंडवरून गेली आणि नेहमीसारखी परत आली.

काकू परवा विचारत होत्या, एवढे पैसे घालून काय मिळालं? मी त्यांना तो फॉर्म दाखवला, माझ्याकडं त्याचा फोटो आहे. त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली आणि म्हणाल्या, "आमच्या हिला सासरी पाठवताना यातलं निम्मं तरी कुणी विचारलं असतं तर!"

दिवाळीत कोकणात जायचं चाललंय, म्हणून गेल्या आठवड्यात दादांना फोन केला. म्हणाले, ब्रूनोला आणा, खुशाल आणा. चिंगीला दिवाळीत घेणार नाही. गाव जवळ आहे, फटाके रात्री बारापर्यंत वाजतात, आणि ती भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला सुद्धा ओळखणार नाही. त्या दिवसांत तिला घरातच ठेवा, तुमच्यापैकी कुणीतरी थांबा.

आईंनी लगेच सांगितलं, त्या थांबतायत. कोकणात तरी बघायचंय काय, समुद्रच आहे, म्हणाल्या.